मागणीची पोच

जालना-मंठा रस्त्यावरच्या वाटूरसारख्या गावात काम करू पाहणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे गरज कशाची आहे? उत्तरासाठी ती बहुधा ग्रामपंचायतीचं दप्तर उघडते. दप्तरात जे नाही ते गावाला नकोच, असा अर्थ मग निघतो. महाराष्ट्राला ही चूक शोभत नाही. गरिबाची मागणी लिहून घेऊन तिची पोच द्यायची रीत याच राज्याने घडवली.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देऊन पाहिलं. मग 1972चा दुष्काळ पडला. मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, माती वाहत होती. त्या उन्हात हातोडा उचलायला कोण येतं, यावरूनच गरज कळत होती. सर्वेक्षणाची वाट कुणी पाहिली नाही. पुढे 1975 मध्ये पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो रोजगार हमीच्या कामांच्या पैशासाठी. 1977चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मजुराने अर्ज करायचा, 15 दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता मागायचा. काम मागणं हा हक्क झाला.

या साखळीतली नाजूक कडी म्हणजे पोच. कामाची मागणी नमुना 4 वर आणि तिची पोच नमुना 5 वर. अर्ज ठेवून घेतला पण तारखेची पोच दिली नाही, तर 15 दिवस मोजायचे कुठून? भत्ता बुडतो आणि वर अहवाल जातो की इथे मागणीच नाही. मजुरांच्या संघटना आणि संस्था इथे कामाला लागल्या: अर्ज भरून देणं, पोच मिळेपर्यंत कार्यालयातून न हलणं. माझ्या मते ग्रामीण भागातली ही सगळ्यात मोलाची सेवा आहे, आणि देणगीदाराला दाखवायला तिचा फोटोही निघत नाही.

ऐकण्याची दुसरी परंपराही इथलीच. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आरोग्यसेवा घेऊन गेले. लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं, आणि त्यांनी ते मानलं. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर घरबांधणीत गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेणं हे त्यांचं काम होतं.

आज परतूर-मंठा भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ती फडावर असतात. मुलांच्या हंगामी वसतिगृहाची, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या औषधांची मागणी त्या सभेत कोण मांडणार? संस्थांनी या घरांना विचारायचं ते जून-जुलैत, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेण्याआधी. एकदा उचल घेतली की त्या वर्षीचं जाणं ठरलेलंच असतं.