यंत्राला बगल देणारा बुद्धिबळपटू: भित्रा की जाणता?

१/९
ऑगस्ट १९६८. स्कॉटिश विजेता डेव्हिड लेव्ही याने कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभ्यासक जॉन मॅकार्थी आणि डोनाल्ड मिची यांच्याशी पैज लावली: दहा वर्षांत एकही संगणक आपल्याला बुद्धिबळाच्या सामन्यात हरवणार नाही. पुढे आणखी संशोधक पैजेत उतरले व रक्कम १,२५० पौंडांवर गेली.

२/९
१९७८. मुदत संपत आलेली. टोरांटोत लेव्हीसमोर होता ‘चेस ४.७’. लेव्हीचे धोरण विलक्षण होते: काहीच करायचे नाही, पण ते उत्तम रीतीने करायचे. पट बंदिस्त ठेवायचा, चकमक टाळायची आणि यंत्राला स्वतःच्याच चुकांत अडकू द्यायचे.

३/९
हे का साधे? तत्कालीन यंत्र काही चालींपर्यंतच्या शक्यता अचूक मोजत असे. त्यापलीकडचे संकट मात्र त्याला दिसत नसे. हान्स बर्लिनर यांनी या मर्यादेला ‘क्षितिज-परिणाम’ म्हटले. मोकळ्या पटावर ती झाकली जाई, संथ डावात उघडी पडे.

४/९
आक्षेप जुनाच आहे: हा खेळ नव्हे, पळवाट आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बळाला भिडणे हेच खरे शौर्य, असे मानणाऱ्यांना हा विजय उसना वाटतो.

५/९
याचे उत्तर त्याच सामन्यात मिळते. पहिल्या ३ डावांत लेव्हीने अडीच गुण मिळवले. चौथ्या डावात त्याने लाटव्हियन गॅम्बिट खेळून यंत्राशी त्याच्याच मैदानात झुंज घेतली, आणि तो हरला. पाचव्या डावात जुन्या धोरणाकडे परतून त्याने सामना साडेतीन-दीड असा जिंकला.

६/९
म्हणजे बंदिस्त पट हे रितेपण नव्हे. कोणते प्यादे केव्हा रोखावे, घोडा कोठे स्थिरावा, फळी केव्हा फोडावी, याचे ज्ञान असल्याखेरीज ‘काहीच न करणे’ जमत नाही. धोरणाचा कस ‘उत्तम रीतीने’ या शब्दांत आहे.

७/९
उलट बाजूही पाहावी. १९९७ मध्ये डीप ब्लूविरुद्ध तिसऱ्या डावात कास्पारोव्हने पहिल्याच चालीत वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकवले. यंत्राचे पाठांतर निरुपयोगी ठरले. पण त्याची स्वतःची वर्षानुवर्षांची तयारीही बाजूला पडली. डाव बरोबरीत सुटला, सामना मात्र त्याने साडेतीन-अडीच असा गमावला.

८/९
२००३ मध्ये न्यूयॉर्कला ‘एक्स३डी फ्रिट्झ’विरुद्ध तिसऱ्या डावात त्यानेच प्याद्यांची भिंत उभारली. यंत्र दिशाहीनपणे सोंगट्या मागेपुढे हलवत राहिले आणि कास्पारोव्ह जिंकला. येथे बगल देणे त्याच्या बळाला पूरक होते. १९९७ मध्ये ते त्या बळाची किंमत मागत होते.

९/९
१९८९ मध्ये ‘डीप थॉट’ने लेव्हीला ४-० असे हरवले. यंत्राचे क्षितिज विस्तारले, तशी युक्तीची धार गेली. तरीही तिचा मान उरतो: यंत्र नेमके कोठे आंधळे आहे, हे तिने पटावर दाखवून दिले. जी बगल ज्ञानातून येते ती आदरास पात्र. जी केवळ धास्तीतून येते, ती स्वतःलाच दुबळे करते.