सह्याद्रीच्या रानात जिओकॅशिंग : डबा न लपवता खजिन्याचा शोध

प्रतिनिधी

अक्षांश-रेखांशांच्या आधारे रानावनात लपवलेला डबा शोधायचा, त्यातील वहीत नाव व तारीख नोंदवायची आणि डबा जागच्या जागी ठेवून परतायचे, या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. सातारा-सांगली परिसरातील भटक्यांना या खेळाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र येथील घनदाट रानाचा मोठा भाग संरक्षित असल्याने खेळाची रीत बदलावी लागते.

खेळाचा जन्म

नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली त्रुटी मे २००० च्या प्रारंभी दूर झाली. सुमारे शंभर मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली. याची प्रचिती घेण्यासाठी ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे ठिकाण इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांतच ती सापडली आणि खेळ जगभर पसरला.

डबा जमिनीत पुरायचा नाही, त्यात खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, हे त्याचे मूळ नियम होत.

कायदा काय सांगतो?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अशा क्षेत्रात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. तेथे कचरा टाकण्यासही मनाई आहे. कोणी शोधायला न आलेला प्लास्टिकचा डबा हा अखेर कचराच ठरतो. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यालाही हाच कायदा लागू आहे. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने ओसाड डोंगरांवर उभे राहिलेले हे रान अवघे १०.८७ चौरस किलोमीटरचे आहे.

दगडाखालचे जग

डबा लपवण्याची नेहमीची जागा म्हणजे दगडाखालची पोकळी. पठारांवरील सुट्या दगडांखाली बेडूक, देवगांडूळ, पाली आणि विंचू आश्रय घेतात. विषारी फुरसेही तेथेच दडून बसते. दगड उलथल्याने त्यांचा निवारा मोडतो आणि शोधणाऱ्याच्या जिवालाही धोका संभवतो. २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या कास पठारावर मातीचा थर अतिशय पातळ आहे. नेमक्या ठिकाणी पोहोचण्यासाठी वाट सोडून चालणारी पावले तेथील फुलझाडे तुडवतात.

मग खेळायचे कसे?

२००४ मध्ये सुरू झालेला 'अर्थकॅश' हा प्रकार येथे सोयीचा आहे. त्यात डबा नसतोच. दिलेल्या ठिकाणी जाऊन खडकांचे व भूरूपांचे निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे पाठवायची. पाचगणीच्या टेबललँडवरील जांभा खडक अशा अभ्यासाला साजेसा आहे. डबाच ठेवायचा असल्यास संरक्षित क्षेत्राबाहेरील खासगी जागा मालकाच्या संमतीने निवडावी.

दाट झाडीत आणि खोल दऱ्यांत उपग्रहांचे संकेत अडतात, त्यामुळे यंत्रावरील ठिकाण काही मीटरने चुकू शकते. मोबाइलला 'रेंज' नसण्याची शक्यता धरून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. एकट्याने जाऊ नये, परतीची वेळ घरी सांगून निघावे आणि यंत्राने जवळचा मार्ग दाखवला तरी मळलेली वाट सोडू नये.