नरसिंगाच्या चित्रातील पाद्री

मोगल चित्रशाळेत बादशहा व सरदार रंगविले जात, हे सर्वश्रुत आहे; तेथे एका कॅथलिक धर्मोपदेशकासही स्थान मिळाले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयात ‘अकबरनाम्या’चे एक चित्रित पान आहे. फत्तेपूर शिक्रीच्या इबादतखान्यात अकबर निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांचा वाद ऐकत आहे, आणि त्या मंडळीत काळे झगे घातलेले दोन जेझुइट पाद्री बसले आहेत. त्यांपैकी एक रुडॉल्फ आक्वाव्हिवा होय.

इटलीतील आत्रीच्या ड्यूकचा हा पुत्र १५५० मध्ये जन्मला. अकबराच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १५७९ मध्ये तो गोव्याहून निघाला व सुरतेवरून फेब्रुवारी १५८० मध्ये शिक्रीस पोचला. पाद्र्यांनी नजर केलेले बहुभाषी बायबल बादशहाने आदराने स्वीकारले, त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले. परंतु धर्म बदलला नाही. १५८३ मध्ये आक्वाव्हिवा गोव्यास परतला.

तेथे साष्टी प्रांतात निराळाच प्रसंग चालू होता. पोर्तुगीज सैन्याने कुंकळ्ळीची देवळे पाडली होती. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहावयास आलेल्या आक्वाव्हिवासह पाच जेझुइटांस संतप्त ग्रामस्थांनी ठार केले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या सोळा गावकऱ्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले व पंधरांस मारिले. एकटा नदीत उडी टाकून निसटला.

नरसिंग चित्रकाराने हे पान रंगविले ते सुमारे १६०३ ते १६०५ च्या दरम्यान, म्हणजे पाद्र्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. तेव्हा समोर बसवून काढलेली ही तसबीर नव्हे. तरीही आमच्या मते चित्र खोटे ठरत नाही. शिक्रीस पाद्र्याच्या हाती केवळ ग्रंथ होता, म्हणून तेथे वाद झाला. साष्टीत ग्रंथाच्या पुढे तलवार चालत होती, म्हणून तेथे रक्त सांडले. माणूस तोच, राजसत्तेशी त्याचा संबंध मात्र निराळा. नुसते चित्र पाहणारा किंवा नुसती कुंकळ्ळी आठवणारा, दोघेही अर्धाच न्याय करतील.

रोमने १८९३ मध्ये त्या पाच जणांस धन्य पदवी दिली. पंधरा गावकऱ्यांची तसबीर कोणी काढली नाही. परंतु फातर्प्यास हलविलेली शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आजही फाल्गुनात बारा छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते. ज्यांस चित्रकार लाभला नाही, त्यांचा इतिहास अशा उत्सवांतूनच वाचावा लागतो.