सराव

मंडळी, नोकरीची सगळी वर्षं मी वर्गात एकच सांगत आलो : "सराव करा. चुकलं तरी चालेल, चुकूनच माणूस शिकतो." चुकलं की मी लाल शाईची खूण करायचो, पोरगं पुन्हा लिहून आणायचं. संपला विषय.

२८ जानेवारी २०२३, शनिवार. प्रजासत्ताक दिन होऊन दोनच दिवस झाले होते. दुपारी चकलांब्यात घरी टीव्ही लावला तर बातमी : ग्वाल्हेरच्या तळावरून सरावासाठी उडालेली हवाई दलाची दोन लढाऊ विमानं पडली, एक सुखोई-३० आणि एक मिराज-२०००. अवशेष मध्य प्रदेशातल्या मुरैना जिल्ह्यात पडले, काही थेट राजस्थानात भरतपूरकडे. सुखोईतले दोघे वैमानिक बाहेर झेपावले म्हणून वाचले. मिराजमध्ये एकटेच होते विंग कमांडर हनुमंतराव सारथी. ते गेले. आपल्या बेळगावचे. दुसऱ्या दिवशी त्यांचं पार्थिव घरी आलं.

त्याआधी १९ फेब्रुवारी २०१९ ला बेंगळुरूजवळ येलहंका इथे असंच घडलं होतं. हवाई प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. त्याच्या सरावात 'सूर्यकिरण' पथकाची दोन हॉक विमानं एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी गेले, दुसऱ्या विमानातले दोघे वाचले. हे पथक बीदरचं. बीड आणि बीदर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे ती बातमीही मला घरचीच वाटली.

विमानं इतकी जवळ येतातच कशाला? तर लढाईत यावं लागतं म्हणून सरावातही यावं लागतं. साधं गणित करून पाहा. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. दोन विमानं समोरासमोर आली की सेकंदाला अर्धा किलोमीटर अंतर संपतं. आपण 'अरे' म्हणेपर्यंत! तिथे लाल शाईला वेळच नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा नातू. त्याला खडकवासल्याच्या एनडीएचा फॉर्म भरायचाय, आणि तेही हवाई दलासाठी. सूनबाई म्हणाली, "दादा, तुम्हीच समजावा त्याला. तुमचं ऐकतो तो."

मी त्याला समोर बसवून या दोन्ही तारखा सांगितल्या, नावं सांगितली. काही लपवलं नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, मग त्यांनी सराव करायचाच नाही का?"

इतकी वर्षं मास्तरकी केली, पण उत्तर सुचलं नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

असो. फॉर्मवर पालकांची सही अजून व्हायची आहे.