वाटाड्याचा पगार

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नावाडी यात्रेकरूंना नर्मदेपलीकडच्या गुरुद्वाराकडे नेतात. रुग्णालयात कर्करुग्णाला असा वाटाड्या फार उशिरा मिळाला. मुंबईचे टाटा मेमोरियल हे कर्करुग्णालय १९४१ मध्ये उघडले. वाटाड्यांची पद्धत मात्र डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९९० मध्ये सुरू केली. पुढे टाटा मेमोरियलने ‘केवट’ म्हणजे नावाडी या नावाने अशा वाटाड्यांसाठी पदविका अभ्यासक्रमच काढला. वाटाड्या नसेल तर केसपेपर, बायोप्सीच्या काचपट्ट्या, आयुष्मान कार्ड या फेऱ्यांत उपचाराचे दिवस जातात. या फेऱ्या नातेवाईक सांभाळतील, असे म्हटले जाते. पण जबलपूरहून मुंबईला आलेला नातेवाईकही तितकाच नवखा असतो. गावाजवळ रुग्णालय झाले तरी तपासण्यांची साखळी सुटत नाही. म्हणून वाटाड्याचा पगार हा उपचाराचाच खर्च मानायला हवा.