कमाटीबागेतील मेळा आणि अकरा दिवसांचा एक अर्ज

बडोद्याच्या ज्या उद्यानाला सरकारी कागदपत्रांत सयाजीबाग म्हणतात, त्याला गावकरी आजही कमाटीबागच म्हणतात. नगर प्राथमिक शिक्षण समिती या बागेत गेली अनेक दशके बालमेळा भरवीत आली आहे. महापालिकेच्या शाळांतील मुले खाद्यपदार्थ मांडतात, विज्ञानाचे प्रयोग दाखवितात, नाचतात, गातात आणि त्यांच्या निमित्ताने सारे घरदार बागेत लोटते. काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी बडोद्यास गेलो असता योगायोगाने मेळ्याचा दिवस सापडला. दांडिया बाजारातली मराठी कुटुंबे, रिदा घातलेल्या बोहरा स्त्रिया, सिंधी व्यापाऱ्यांची घरे, कारखान्यांच्या वसाहतींतून आलेली तमिळ आणि मलयाळी मंडळी, पंचमहालाकडून मजुरीसाठी आलेले आदिवासी आईबाप. सर्वांचा एकच कार्यक्रम दिसला. आधी मेळा, मग प्राणिसंग्रहालय आणि शेवटी त्याच बागेतले वस्तुसंग्रहालय; कारण तिथे देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी आहे, आणि या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय कोणतेही मूल घरी परतायला तयार होत नाही.

हे दृश्य मनोहर आहे खरे, पण प्रशासनाच्या अभ्यासकाने त्यावर एवढ्यावरच खूश होऊन चालत नाही. ही बाग 'सर्वांची' कशी झाली, आणि सर्वांची म्हणजे नेमकी किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

बाग १८७९ची. तेव्हा सयाजीराव अज्ञान होते. १८७५ साली दत्तक आलेल्या या मुलाच्या हाती राज्याधिकार यायला १८८१चा डिसेंबर उजाडायचा होता. कारभार सर टी. माधवराव पाहत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना या गृहस्थांविषयी विशेष आपुलकी वाटावी, कारण ते तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून ते बडोद्यास आले होते. मल्हाररावांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेली राज्याची घडी बसविताना शाळा, न्यायालये आणि हिशेब यांच्या जोडीला विश्वामित्रीच्या काठी एक सार्वजनिक बाग असावी, असे त्या कारभाराला वाटले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. राजवाड्याच्या बागा पुष्कळ असतात. जिच्यात रयतेने जायचे अशी बाग हा वेगळा विचार आहे. आत जाणाऱ्याची जात विचारायची नाही, हे त्या विचारात गृहीतच असते.

पुढचे पाऊल सयाजीरावांचे. वस्तुसंग्रहालयाची इमारत त्यांनी राजवाड्याच्या आवारात न बांधता या बागेत बांधली. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने ती पुरी केली आणि १८९४ साली ती लोकांना खुली झाली. चित्रशाळेचे काम १९०८ला सुरू होऊन १९१४ला संपले. परंतु युरोपातून यावयाची चित्रे महायुद्धामुळे अडकून पडली आणि दरवाजे उघडले ते १९२१ साली. मेळ्यातल्या मुलांचा लाडका देवमासा त्यानंतरचा; तो १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला होता. शेजारच्या अकोटा येथे १९५१ साली सापडलेल्या जैन धातुमूर्ती ही संग्रहालयाची खरी दौलत, पण त्यांच्यापुढे गर्दी नसते. असो.

बागेतच संग्रहालय का, याचे उत्तर सयाजीरावांच्या इतर कामांत सापडते. अमरेली भागात १८९३ साली सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ साली तो राज्यभर, आणि १९१०पासून अमेरिकेहून आणलेल्या बोर्डन यांच्या हाताखाली ग्रंथालयांचे जाळे, फिरत्या पेट्यांसह. वस्तू लोकांकडे नेणे किंवा लोक जिथे आपण होऊन जमतात तिथे वस्तू ठेवणे, असा हा सरळ हिशेब होता. ज्याला संग्रहालयाची पायरी चढायचा संकोच वाटतो, तो बागेत मात्र सहज शिरतो; एकदा बागेत आला की समोरच्या दारात डोकावतो. इतकी साधी गोष्ट आजही आमच्या पुष्कळ आराखड्यांत नसते.

आता याच बागेतल्या एका संध्याकाळीकडे वळले पाहिजे.

१९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली तो पाळण्यासाठी ते बडोद्यास आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. अखेर पारशी असल्याचे सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. हा सारा वृत्तांत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला आहे.

त्या वृत्तांतातला एक तपशील प्रशासकाने पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. धर्मशाळेतला मुक्काम तात्पुरता आहे हे जाणून त्यांनी सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केला होता. दिवाणांना तो तातडीचा वाटला नाही. अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अंतिम उत्तर येण्यापूर्वीच अकरावा दिवस उगवला, आणि हातांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना ती जागा सोडायला लावली. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे? ते कमाटीबागेत जाऊन बसले. आईवडिलांची आठवण काढीत बसलो होतो, असे त्यांनी लिहिले आहे. आठच्या सुमारास ते उठले आणि स्टेशनाकडे गेले.

या प्रसंगाचा दोष समाजाच्या पदरात टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. महाराज उदार, राज्य प्रगत, समाज मात्र मागासलेला. मग बिचारे सरकार काय करणार? मला हा युक्तिवाद पटत नाही. खासगी घराचे दार सरकारला हुकूम काढून उघडता येत नाही, हे कबूल. त्या दोन मित्रांच्या घरात शासनाचा शिरकाव नव्हता. परंतु बंगला सरकारचा होता, किल्ली सरकारची होती आणि अर्जही सरकारच्याच टेबलावर होता. शिष्यवृत्ती मंजूर करणारे, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणारे आणि सर्वांसाठी बाग ठेवणारे हेच राज्य अकरा दिवसांत एका बंगल्याविषयी हो किंवा नाही म्हणू शकले नाही. कोणी दुष्टपणा केला असे म्हणायचीही गरज नाही. कोणी त्या कागदावर 'तातडीचे' एवढा शब्द लिहिला नाही, इतकेच. ज्यांनी सचिवालयांत वर्षे काढली आहेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही, आणि म्हणूनच वाटायला हवे.

सेवेत नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांपुढे बोलण्याचा प्रसंग येतो तेव्हा मी सयाजीरावांच्या सुधारणांची यादी सांगत नाही. ती पुस्तकांत आहे. मी या अर्जाची गोष्ट सांगतो. एकदा एका अधिकारी मुलीने विचारले, ‘पण सर, त्या वेळी बाग तरी उघडी होती ना?’ प्रश्न साधा होता, पण त्याने मला थांबविले. बाग उघडी होती, हे खरेच. सबंध शहरात त्या माणसाला विचारपूस न होता बसता येईल अशी जी जागा उरली, ती अडतीस वर्षांपूर्वी राज्यकारभाराने करून ठेवलेली होती. तिच्यामुळे खोली मिळाली नाही. पाच तास मिळाले. सार्वजनिक जागेची किंमत मोजताना मी आता दोन्ही गोष्टी धरतो.

संस्थान १९४९च्या मे महिन्यात मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात झाला. बाग आणि प्राणिसंग्रहालय आज महापालिकेकडे, तर वस्तुसंग्रहालय राज्य शासनाच्या संग्रहालय खात्याकडे आहे. मेळ्यातून देवमाशाकडे धावणारे मूल एका कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरते, हे त्याच्या गावीही नसते. अधिकाऱ्यांच्या मात्र ते चांगले लक्षात असते.

आंबेडकरांच्या कथनात बाग आहे, पाच तास आहेत, दुःख आहे. वडाचे झाड आणि त्याखाली केलेला संकल्प लोकस्मृतीने जपला. २३ सप्टेंबर १९१७ ही तारीखही तिनेच उराशी धरली. त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात, आणि २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक व्हावी अशी शिफारस केली. दर २३ सप्टेंबरला तिथे माणसे जमतात. तोही कुटुंबांचाच मेळा असतो. डबे असतात, कडेवर मुले असतात, पुस्तकांची विक्री असते. वंदन झाले, डबे उघडले, की त्यांचीही मुले हात ओढू लागतात, आणि मंडळी देवमासा पाहायला संग्रहालयाच्या दिशेने निघतात.