आकाशातले इंटरनेट नेमके कोणाच्या दारात उतरते?

उपग्रहाचे इंटरनेट म्हटले की आपल्या तरुणांना स्टारलिंक आठवते. घराच्या छतावर पांढरी तबकडी लावायची आणि काम झाले. पण या क्षेत्रातील दुसरी मोठी व्यवस्था, युटेलसॅट वनवेब, घरोघरी जोडणी विकतच नाही. तिचे ग्राहक म्हणजे सरकारे, संरक्षण दले, जहाज आणि विमान कंपन्या, मोठे उद्योग आणि दूरसंचार कंपन्या. आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने आम्हाला हाच प्रकार अधिक समजून घेण्यासारखा वाटतो.

जुने दळणवळण उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न वर जाऊन उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. त्यामुळे व्हिडिओ कॉल अडखळतो. वनवेबचे उपग्रह सुमारे 1200 किलोमीटरवर आणि स्टारलिंकचे साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, म्हणून हा विलंब पुष्कळ कमी होतो. मात्र खालचा उपग्रह एका जागी स्थिर दिसत नाही, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. त्यामुळे एक-दोन उपग्रहांनी भागत नाही, शेकडो लागतात. वनवेबचे सहाशेहून अधिक आहेत.

ही कंपनी मार्च 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकार आणि भारती समूहाने ती विकत घेतली. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियन रॉकेट बंद झाले, तेव्हा इस्रोने 23 ऑक्टोबर 2022 आणि 26 मार्च 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून प्रत्येकी 36 उपग्रह सोडले. सप्टेंबर 2023 मध्ये ती फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये विलीन झाली.

आता गावाचे बघू. डोंगराळ भागात मोबाइल टॉवर उभारला तरी त्याला मागून जोडणारी फायबर केबल पोहोचत नाही. या मागच्या जोडणीला बॅकहॉल म्हणतात. कंपनीने टॉवरजवळ उपग्रहाचा अँटेना बसवला की बॅकहॉल आकाशातून मिळते आणि गावकरी आपला नेहमीचाच मोबाइल, नेहमीचाच रिचार्ज वापरतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तालुक्याला जाणाऱ्या मुलीला महागड्या तबकडीपेक्षा हा मार्ग परवडणारा आहे. पण टॉवर उभारायचा की नाही, हे कंपनी नफा बघून ठरवते. खरी अडचण तिथे आहे.

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर नेटवर्क कोलमडते, तिथे हे चालेल का? फारसे नाही. दादरला फायबर आहेच. तिथे एका टॉवरवर लाखो फोन येतात, ती अडचण वेगळी आहे.

‘सरकारने नेट बंद केले तरी उपग्रहाचे चालेल’ हा समज तर कार्यकर्त्यांनी काढूनच टाकावा. भारतात ही सेवा देशातल्या भूकेंद्रांतूनच द्यावी लागते. मे 2025 च्या सुरक्षा अटींनुसार संवेदनशील परिस्थितीत ठरावीक भागातली सेवा थांबवण्याची सोय कंपनीला ठेवावीच लागते.

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव यांचा उल्लेख आहे. शाळा, आरोग्य केंद्रे आणि सरकारी कार्यालये जोडण्याची भाषा त्यात आहे. ग्रामपंचायतीत जोडणी आली म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीत आली असे होत नाही, हे आपल्याला पाण्याच्या टाकीपासून ठाऊक आहे.

1943 मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी विजेबाबत हाच मुद्दा मांडला होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तर तिची मालकी कोणाकडे असावी हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. आज तोच प्रश्न स्पेक्ट्रमचा आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्याने उपग्रह स्पेक्ट्रम लिलावाशिवाय, प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद केली. मे 2025 मध्ये ट्रायने त्यासाठी कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या 4 टक्के शुल्क सुचवले. सार्वजनिक संपत्ती लिलावाविना द्यायची, तर दुर्गम वस्त्यांत सेवा देण्याची अट लेखी हवी, असे आमचे मत आहे. टॉवर आणि बॅकहॉलचा खर्च डिजिटल भारत निधीतून मागता येतो. हा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातूनच जमतो.

आपल्या तालुक्यात कोणत्या वस्तीला रेंज नाही, याची यादी ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी. शाळेचे आणि आरोग्य केंद्राचे नाव त्यात वेगळे लिहावे आणि पोच घ्यायला विसरू नये.